इंग्रजीतले तुलनेचे शब्द: मराठी माध्यमातल्या मुलांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या मराठी शाळांत डिग्रीज ऑफ कंपॅरिझन शिकताना आणि शिकवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्यानं वाचा आणि वहीत मात्र इंग्रजी लिपीत उतरवा, कारण या धड्यात स्पेलिंगलाही मार्क जातात.

मुलगा ‘बिग, बिगर, बिगेस्ट’ घडाघडा म्हणतो, पण वाक्यात ‘बेळगाव इज बिग दॅन खानापूर’ असंच लिहितो. असं का होतं?

कारण मराठीत तुलनेचा सगळा भार एकाच ठिकाणी असतो. ‘बेळगाव खानापूरपेक्षा मोठं आहे’ या वाक्यात ‘पेक्षा’ खानापूरला चिकटला आणि काम झालं. ‘मोठं’ होतं तसंच राहिलं. ‘हून’ वापरा, नाहीतर खेड्यात म्हणतात तसं ‘परास’ म्हणा, विशेषण जागचं हलत नाही. कन्नडमध्येही तसंच: ‘अदक्किंत इदु दोड्डदु’, त्यापेक्षा हे मोठं. तिथेही ‘किंत’ नामाला लागतं आणि ‘दोड्डदु’ तसंच राहतं. म्हणजे आपल्या भागातलं मूल घरात आणि बाजारात ज्या दोन भाषा ऐकतं, त्या दोन्हींत विशेषणाला हात लावायची सवयच नसते.

इंग्रजीत खूण दोन ठिकाणी करावी लागते: एक विशेषणावर आणि दुसरी ‘दॅन’च्या रूपात. ‘बेळगाव इज बिगर दॅन खानापूर.’ मुलाला ‘दॅन’ आठवतो, कारण तो ‘पेक्षा’च्या जागी येतो. ‘बिगर’मधला ‘र’ सुटतो, कारण त्याच्या जोडीचं मराठीत काहीच नाही. म्हणून वही तपासताना ‘दॅन’ दिसला की लगेच डावीकडचे शब्द बघायचे. तिथे ई-आर, ‘मोअर’ किंवा ‘वर्स’, ‘लेस’सारखं पाठ करायचं रूप नसेल तर वाक्य चुकलं. खाली आलेल्या बऱ्याच चुकांचं मूळही याच एका फरकात आहे, त्यामुळे मुलाला नियमांच्या आधी हा फरक सांगा.

पॉझिटिव्ह, कंपॅरेटिव्ह आणि सुपरलेटिव्ह म्हणजे नेमकं काय?

पॉझिटिव्हमध्ये नुसता गुण सांगतात किंवा दोन गोष्टी सारख्या आहेत असं सांगतात. कंपॅरेटिव्हमध्ये एका गोष्टीची दुसरीशी, किंवा एकीची बाकीच्यांशी तुलना असते. सुपरलेटिव्हमध्ये गटातली सर्वांत वरची किंवा सर्वांत खालची गोष्ट सांगतात. मराठी व्याकरणात याला तरतमभाव म्हणतात: उच्च, उच्चतर, उच्चतम. हे ‘तर’ आणि ‘तम’ संस्कृतातून आले आहेत आणि बोलण्यात आपण ते जवळजवळ वापरतच नाही. तरी फळ्यावर एकदा लिहून दाखवा, शब्दाच्या शेपटीला काहीतरी जोडायचं असतं ही गोष्ट मुलांना पटकन दिसते.

ई-आर कधी लावायचा आणि ‘मोअर’ कधी?

हे शब्दाच्या लांबीवर ठरतं. लांबी म्हणजे अक्षरांची संख्या नव्हे, उच्चारातले तुकडे, म्हणजे सिलॅबल. हनुवटीखाली हात धरून शब्द म्हणा. हनुवटी जितक्या वेळा खाली येईल तितके साधारण तुकडे.

एक तुकडा असेल तर ई-आर, ई-एस-टी: टॉलर, कोल्डर, चीपर. तीन किंवा जास्त तुकडे असतील तर मोअर, मोस्ट: मोअर ब्यूटिफुल, मोअर एक्सपेन्सिव्ह, मोअर इंटरेस्टिंग.

गोंधळ होतो तो दोन तुकड्यांच्या शब्दांत. त्यातले शेवटी वाय असलेले शब्द ई-आर घेतात: हॅपिअर, इझिअर, हेविअर. ‘नॅरो’चं नॅरोअर आणि ‘सिंपल’चं सिंपलर होतं. ‘फुल’, ‘लेस’, ‘अस’ अशा शेपट्या असलेल्या शब्दांना मात्र मोअर लागतो: मोअर यूसफुल, मोअर केअरलेस, मोअर फेमस. क्वाएट, पोलाइट, कॉमन, क्लेव्हर या शब्दांची दोन्ही रूपं चालतात, त्यासाठी मुलाचे मार्क कापू नयेत.

दोन अपवाद लक्षात ठेवायला हवेत. ‘टायर्ड’ आणि ‘बोअर्ड’ हे शब्द लहान वाटतात, पण ते क्रियापदापासून बनलेले आहेत, म्हणून मोअर टायर्ड, मोअर बोअर्ड. आणि ‘अनहॅपी’ला तीन तुकडे असले तरी अनहॅपिअर होतं, कारण मूळ शब्द ‘हॅपी’ आहे.

‘बिगर’मध्ये जी दोनदा येतो, मग ‘चीपर’मध्ये पी एकदाच का?

शब्दाची शेवटची तीन अक्षरं बघा. व्यंजन, एकच स्वर, व्यंजन अशी रचना असेल तर शेवटचं व्यंजन दुप्पट होतं: बी-आय-जी पासून बी-आय-जी-जी-ई-आर. तसंच हॉट, थिन, फॅट, सॅड, वेट. ‘चीप’मध्ये ई आणि ए असे दोन स्वर शेजारी आहेत, म्हणून पी एकदाच. ‘कोल्ड’मध्ये शेवटी दोन व्यंजनं आहेत, म्हणून तिथेही काही वाढत नाही. डब्ल्यू आणि वाय कधीच दुप्पट होत नाहीत: स्लो, स्लोअर, ग्रे, ग्रेअर.

शेवटी ई असेल तर फक्त आर लावा: लार्ज, लार्जर. दुसरा ई लिहू नका. शेवटी वाय आणि त्याच्या आधी व्यंजन असेल तर वायचा आय होतो: ड्राय पासून डी-आर-आय-ई-आर.

‘मोअर बेटर’, ‘मोअर टॉलर’ असं लोक बोलतात. ते चूक आहे का?

चूक आहे. ‘बेटर’मध्येच ‘अधिक’ आलेलं आहे. वर पुन्हा मोअर लावणं म्हणजे ‘अधिक अधिक चांगलं’. भर द्यायचा असेल तर ‘मच बेटर’ म्हणा.

‘त्याच्यापेक्षा लई मोठा’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं? ‘व्हेरी बिगर’ का चालत नाही?

आपला ‘लई’ किंवा ‘खूप’ साध्या विशेषणापुढेही येतो आणि तुलनेतही येतो. इंग्रजीत ही दोन कामं दोन वेगळे शब्द करतात. साध्या विशेषणापुढे ‘व्हेरी’: व्हेरी बिग. कंपॅरेटिव्हपुढे ‘मच’, ‘फार’ किंवा बोलण्यात ‘अ लॉट’: मच बिगर, फार बेटर, अ लॉट चीपर. थोडासाच फरक असेल तर ‘अ लिटल’ किंवा ‘स्लाइटली’.

एक नेमकं उदाहरण घ्या. घटप्रभेची लांबी २८३ किलोमीटर, मलप्रभेची ३०४. इथे ‘द मलप्रभा इज स्लाइटली लाँगर दॅन द घटप्रभा’ बरोबर बसतं. कृष्णेची लांबी साधारण १,४०० किलोमीटर आहे, म्हणून ‘द कृष्णा इज मच लाँगर दॅन द मलप्रभा’. नदीच्या नावाआधी ‘द’ येतो, तो विसरू नका. सुपरलेटिव्हवर भर द्यायला ‘बाय फार’ वापरतात: बाय फार द लाँगेस्ट.

मोजता येणाऱ्या वस्तू असतील तर मात्र ‘मच मोअर’ नाही, ‘मेनी मोअर’: मेनी मोअर बुक्स, पण मच मोअर वॉटर.

कोणती रूपं पाठच करावी लागतात?

फार नाहीत. गुड, बेटर, बेस्ट. बॅड, वर्स, वर्स्ट. लिटल, लेस, लीस्ट. मच आणि मेनी या दोघांचं मोअर, मोस्ट. इंग्रजीतल्या ‘फार’ची, म्हणजे ‘दूर’ची, दोन रूपं आहेत: फार्दर आणि फर्दर. अंतरासाठी दोन्ही चालतात: ‘कोल्हापूर इज फार्दर फ्रॉम बेळगाव दॅन धारवाड.’ ‘आणखी’ या अर्थी फक्त फर्दर: फर्दर इन्फर्मेशन.

‘ओल्ड’चं ओल्डर कुठेही चालतं. एल्डर फक्त घरातल्या नात्यांसाठी आणि तोही नामाच्या आधी: माय एल्डर ब्रदर. ‘ही इज एल्डर दॅन मी’ चूक आहे, तिथे ओल्डरच हवं. थोरला भाऊ म्हणजे एल्डर ब्रदर हे मुलांना चटकन कळतं, पण मग ती ‘माझ्यापेक्षा थोरला’ म्हणतानाही एल्डर वापरतात. ही चूक फार दिसते.

‘दॅन मी’ की ‘दॅन आय’?

बोलण्यात ‘टॉलर दॅन मी’ सर्रास चालतं आणि आजच्या इंग्रजीत ते चूक मानत नाहीत. जुन्या पद्धतीचे परीक्षक ‘दॅन आय’ मागतात. पेपरात ‘राजू इज टॉलर दॅन आय अ‍ॅम’ असं क्रियापदासकट लिहा, कोणीही मार्क कापू शकणार नाही.

क्रियापद लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे. ‘आईला माझ्यापेक्षा राजू जास्त आवडतो’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ निघू शकतात. इंग्रजीत ते वेगळे करता येतात. ‘मदर लव्हज राजू मोअर दॅन मी’ म्हणजे आईचं माझ्यावर कमी प्रेम आहे. ‘मदर लव्हज राजू मोअर दॅन आय डू’ म्हणजे राजूवर माझं जितकं प्रेम आहे त्याहून आईचं जास्त.

‘दॅन’ आणि ‘देन’ यांच्या स्पेलिंगमध्ये गोंधळ होतो.

तुलनेचा तो टी-एच-ए-एन. ‘नंतर’, ‘मग’ या अर्थाचा टी-एच-ई-एन. बोलताना ‘दॅन’वर जोर येत नाही आणि दोन्ही सारखेच ऐकू येतात, म्हणून कानावर विसंबू नका.

‘सीमा इज टॉलर दॅन एनी गर्ल इन द क्लास’ यात चूक काय?

सीमा स्वतः त्याच वर्गात आहे. ‘एनी गर्ल’मध्ये तीही येते, म्हणजे ती स्वतःपेक्षाही उंच ठरते. म्हणून ‘एनी अदर गर्ल’. सीमा दुसऱ्या वर्गातली असती तर ‘अदर’ नको होता. ‘एनी अदर’नंतर एकवचन, ‘ऑल अदर’नंतर अनेकवचन: एनी अदर गर्ल, ऑल अदर गर्ल्स.

‘द रेनफॉल ऑफ खानापूर इज हेविअर दॅन अथणी’ हे वाक्य मास्तरांनी का कापलं?

कारण यात खानापूरच्या पावसाची तुलना अथणी गावाशी झाली. पावसाची तुलना पावसाशीच हवी. मराठीत ‘खानापूरचा पाऊस अथणीपेक्षा जास्त’ असं म्हटलं तरी ऐकणारा ‘अथणीच्या पावसापेक्षा’ असं समजून घेतो. खानापूर घाटाला लागून आहे आणि अथणी पर्जन्यछायेत, हे आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक. लिखित इंग्रजी मात्र हे समजून घेण्यावर सोडत नाही.

दुरुस्ती अशी: ‘द रेनफॉल ऑफ खानापूर इज हेविअर दॅन दॅट ऑफ अथणी.’ अनेकवचन असेल तर ‘दोज ऑफ’. याहून सोपी वाट म्हणजे वाक्यच बदलायचं: ‘इट रेन्स मोअर इन खानापूर दॅन इन अथणी.’ लहान वर्गांना हीच शिकवावी. ‘दॅन’नंतरचा ‘इन’ मात्र गाळू नये.

सुपरलेटिव्हनंतर ‘इन’ की ‘ऑफ’?

ठिकाण किंवा गट असेल तर इन: इन द क्लास, इन कर्नाटका, इन द वर्ल्ड. संख्या किंवा अनेकवचन असेल तर ऑफ: ऑफ ऑल, ऑफ द थ्री ब्रदर्स. मराठीतल्या ‘पैकी’च्या जागी ऑफ, ‘वर्गात’मधल्या ‘त’च्या जागी इन, असं मनात धरलं तर सहसा चुकत नाही.

सुपरलेटिव्हआधी ‘द’ हवाच, पण ‘माय’, ‘हिज’, ‘राजूज’ असं काही आधी आलं असेल तर नको: माय बेस्ट फ्रेंड. दोनच गोष्टी असतील तर सुपरलेटिव्ह न वापरता ‘द टॉलर ऑफ द टू’ म्हणा. इथे कंपॅरेटिव्ह असूनही ‘द’ येतो.

पेपरात डिग्री बदलायला सांगतात. ते पायरीपायरीनं कसं करायचं?

हे वाक्य घ्या: ‘बेळगाव इज द लार्जेस्ट डिस्ट्रिक्ट इन कर्नाटका.’ क्षेत्रफळानं ते खरं आहे, १३,४१५ चौरस किलोमीटर.

कंपॅरेटिव्ह करताना आधी ‘द लार्जेस्ट’ काढा आणि ‘लार्जर दॅन एनी अदर’ घाला. पुढचं सगळं तसंच ठेवा: ‘बेळगाव इज लार्जर दॅन एनी अदर डिस्ट्रिक्ट इन कर्नाटका.’

पॉझिटिव्ह करताना वाक्य उलटं फिरतं. सुरुवात ‘नो अदर’नं करा, मग नाम आणि ठिकाण, मग क्रियापद, मग ‘अ‍ॅज लार्ज अ‍ॅज’, आणि कर्ता शेवटी: ‘नो अदर डिस्ट्रिक्ट इन कर्नाटका इज अ‍ॅज लार्ज अ‍ॅज बेळगाव.’ ‘नो’ आला म्हणजे नकार झाला, पुन्हा ‘इज नॉट’ लिहू नका. मराठीत ‘दुसरा कोणताही जिल्हा मोठा नाही’ असा नकार शेवटी येतो, म्हणून मुलं इंग्रजीतही तो शेवटी घालतात आणि वाक्यात दोन नकार होतात.

‘वन ऑफ द’ असेल तर साचा बदलतो. ‘द कृष्णा इज वन ऑफ द लाँगेस्ट रिव्हर्स इन इंडिया.’ वन ऑफ नंतर नाम अनेकवचनी, पण क्रियापद ‘इज’. कंपॅरेटिव्ह: ‘द कृष्णा इज लाँगर दॅन मोस्ट अदर रिव्हर्स इन इंडिया.’ पॉझिटिव्ह: ‘व्हेरी फ्यू रिव्हर्स इन इंडिया आर अ‍ॅज लाँग अ‍ॅज द कृष्णा.’ इथे कर्ता ‘रिव्हर्स’ झाला, म्हणून ‘इज’चं ‘आर’. हा एक बदल सुटला म्हणून बाकी सगळं बरोबर असलेली उत्तरं चुकतात.

दोघांचीच तुलना असेल तर जागा बदला आणि ‘नॉट’ घाला. ‘द मलप्रभा इज लाँगर दॅन द घटप्रभा’ याचं ‘द घटप्रभा इज नॉट अ‍ॅज लाँग अ‍ॅज द मलप्रभा’. जागा न बदलता नुसता ‘नॉट’ घातला तर अर्थ उलटा होतो.

आणि एक बारीक सापळा. ‘राजू इज नॉट टॉलर दॅन रवी’ याचा अर्थ रवी उंच आहे असा नाही. दोघे सारखेही असू शकतात. त्यामुळे ‘रवी इज टॉलर दॅन राजू’ हे उत्तर चूक. बरोबर उत्तर: ‘रवी इज अ‍ॅट लीस्ट अ‍ॅज टॉल अ‍ॅज राजू.’

दुप्पट, दीडपट, पाऊणपट इंग्रजीत कसं सांगायचं?

पट सांगताना ‘अ‍ॅज … अ‍ॅज’ वापरा आणि पटीचा शब्द पहिल्या ‘अ‍ॅज’च्या आधी ठेवा. दुप्पट: ट्वाइस अ‍ॅज लाँग अ‍ॅज. निम्मं: हाफ अ‍ॅज लाँग अ‍ॅज. दीडपट: वन अँड अ हाफ टाइम्स अ‍ॅज लाँग अ‍ॅज. पाऊणपट: थ्री-फोर्थ्स अ‍ॅज लाँग अ‍ॅज.

गोकाकचा धबधबा ५२ मीटर उंचीवरून पडतो आणि जोगचा २५३ मीटरवरून. म्हणून ‘जोग फॉल्स इज नियरली फाइव्ह टाइम्स अ‍ॅज हाय अ‍ॅज गोकाक फॉल्स.’ ‘ट्वाइस बिगर’ टाळाच. आणि दोन ‘अ‍ॅज’च्या मध्ये विशेषण नेहमी साधं असतं. ‘अ‍ॅज टॉलर अ‍ॅज’ किंवा ‘अ‍ॅज टॉल दॅन’ असं काही नसतं.

‘जितकं… तितकं’ला इंग्रजीत काय?

‘द’ आणि कंपॅरेटिव्ह, दोन्ही बाजूंना, मध्ये स्वल्पविराम. जितकं वाचाल तितकं चांगलं लिहाल: ‘द मोअर यू रीड, द बेटर यू राइट.’ मुलं ‘हाऊ मच यू रीड, दॅट मच…’ अशी सुरुवात करतात, तो थेट मराठीचा साचा झाला. तोडलेला ऊस जितक्या लवकर कारखान्यात जाईल तितका साखरेचा उतारा (रिकव्हरी) चांगला, हे आपल्या भागातल्या मुलांना माहीत असतं. तेच वाक्य द्या: ‘द सूनर द केन रीचेस द मिल, द बेटर द रिकव्हरी.’ यातला दुसरा भाग क्रियापदाशिवायही पूर्ण होतो.

दिवसेंदिवस वाढत जाणाऱ्या गोष्टीसाठी कंपॅरेटिव्ह दोनदा: हॉटर अँड हॉटर. मोअर घेणारा शब्द असेल तर मोअर दोनदा आणि विशेषण एकदा: मोअर अँड मोअर एक्सपेन्सिव्ह.

‘सीनियर दॅन मी’ चूक का?

सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे लॅटिनमधून तुलनेच्या तयार रूपातच आलेले शब्द आहेत. त्यांना ‘दॅन’ चालत नाही, ‘टू’ लागतो: सीनियर टू मी. ‘प्रेफर’लाही ‘टू’च: ‘आय प्रेफर कुंदा टू करदंट.’

‘फ्यूअर’ आणि ‘लेस’ यांत फरक काय?

मोजता येणाऱ्या वस्तूंना फ्यूअर, न मोजता येणाऱ्यांना लेस: फ्यूअर स्टुडंट्स, लेस मिल्क. पैसे, अंतर आणि वेळ यांचा आकडा असला तरी ते एकगठ्ठा धरतात: लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज, लेस दॅन टेन किलोमीटर्स.

‘मोअर परफेक्ट’, ‘मोस्ट युनिक’ लिहावं का?

परीक्षेत नको. जे पूर्णच आहे त्याची डिग्री लागत नाही.

पालकांना इंग्रजी येत नसेल तर घरी सराव कसा घ्यायचा?

इंग्रजी येण्याची गरज नाही. घरातल्या दोन वस्तू समोर ठेवा: दोन तांबे, दोन वह्या, दोन कांदे. मुलानं आधी मराठीत वाक्य म्हणायचं, मग इंग्रजीत. तुम्ही फक्त दोन आवाज ऐकायचे: विशेषणाच्या शेवटी ‘र’ किंवा त्याच्या आधी ‘मोअर’ आला का, आणि मग ‘दॅन’ आला का. गुड-बॅडच्या वेळी ‘बेटर’ किंवा ‘वर्स’ ऐकू यायला हवं. एक जरी राहिलं तरी वाक्य पुन्हा म्हणायला लावा. हे जमलं की तिसरी वस्तू ठेवा आणि ‘द’ अन् ‘एस्ट’ किंवा ‘मोस्ट’ ऐका. मग त्याच तीन वस्तूंवरची वाक्यं मुलाला वहीत लिहू द्या आणि दुसऱ्या दिवशी शाळेत स्पेलिंग तपासून घ्या.